प्लासिडचे हात

वसई, १८ जानेवारी १९५३

प्रिय बळीराम,

दोन वर्षांहून अधिक काळ तुला लिहिले नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. पत्ता होता, शाई होती, सांगण्यासारखेही बरेच होते. तरी लिहिले नाही. बडोद्याला जाताना तू चित्रदालनाच्या दारात उभा राहून म्हणालास, "कॉन्रॅड, स्वतःची चित्रं काढावी लागू नयेत म्हणून तू दुसऱ्यांची टांगतोस." त्याच दिवशी मनाशी ठरवले होते की आता याला लिहीन ते दाखवायला चित्र असेल तेव्हाच. हा अहंकार झाला, कळते मला. पण आता एक चित्र आहे, निदान बरेचसे आहे, म्हणून लिहायला बसलो.

आपले दालन चालू आहे. 'आपले' हा शब्द खोडणार होतो, राहू दे. केळ्यांच्या त्या वखारीला चुना तू लावलास, मी फक्त शिडी धरली होती. ऊन तापले की भिंतींतून अजून पिकल्या केळ्यांचा वास येतो. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी विचारले, हा तैलरंगांचा वास का? मी हो म्हटले. दिवसभरात मी अशा किती गोष्टींना हो म्हणतो ते मोजत नाही.

मुंबईहून येणारी चित्रे स्टेशनवर उतरवून घ्यायची, टांग्यात आडवी न टाकता हाताने उभी धरून आणायची, चौकटींना वाळवी लागली का पाहायचे, काचा पुसायच्या, चित्रकाराला जेवू घालायचे, आणि मग त्याच्या चित्रासमोर उभे राहून त्याला हवे ते शब्द बोलायचे. संध्याकाळी स्वतःच्या कॅनव्हाससमोर उभा राहिलो तर डोळ्यांत दुसऱ्याचेच रंग असतात. ही तक्रार नाही. कोणी मला बांधून ठेवलेले नाही. कधी कधी वाटते, दालन नसते तर मी दुसरे काहीतरी शोधले असते.

गावाला हे अजून तसबिरींचे दुकानच आहे. आत येताना लोक क्रुसाची खूण करतात. गेल्या वर्षी भुईगावच्या एका म्हातारीने एका बॅरिस्टरांच्या चित्राखाली मेणबत्ती लावली. बॅरिस्टर तेव्हा शेजारीच उभे होते, आणि त्यांना ते आवडले नाही. म्हातारीची तरी काय चूक? आपल्याकडे भिंतीवर येशूचे पवित्र हृदय, संत आणि घरातले मेलेले एवढेच जातात. जिवंत माणसाला तिथे कोणी टांगत नाही.

आता चित्राचे सांगतो. कॅनव्हास मिळेना, म्हणून जुने शीड विचारायला पाचूबंदरला गेलो होतो. तिथल्या प्लासिड नावाच्या कोळ्याने मला एक विटलेले शीड दिले. माणूस चाळिशीचा, अंगाने सुका, उजवी भुवई मधोमध कापलेली. त्याने विचारले, यावर काय काढणार? मी सहज म्हटले, तुलाच काढतो. तो मोठ्याने हसला.

"काढा मास्तर! मेल्याबिगर भिंतीवर जानारा मी पयला!"

शाळेची नोकरी सोडून इतकी वर्षे झाली तरी बंदरावर मी मास्तरच आहे.

त्याला सवड फक्त भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत. उधाणाच्या भरतीला होड्या डोल, म्हणजे मोठे जाळे, लावायला जातात. भांगात पाण्याला ओढ नसते, तेव्हा पुरुष किनाऱ्यावर जाळी शिवत बसतात. म्हणजे पंधरवड्यातले थोडेच दिवस माझ्या वाट्याला. नोव्हेंबरपासून असे चालले आहे, आणि खरे सांगू, या ओढाताणीने माझे भलेच झाले. तो येणार त्या दिवशी मी पहाटे उठून रंग काढतो. दालन काढल्यापासून आठ वर्षांत असा उठलो नव्हतो.

तो बसतो आणि सारखा बोलतो. परवा म्हणाला, "तुमी आधी नाक का काढलाव? आमी होडी बांधताना आधी कना घालतो." मी म्हटले, चेहऱ्याचा कणा नाकच. त्यावर तो बराच वेळ स्वतःचे नाक चाचपत राहिला. मी तेवढ्यात भुवई काढून घेतली.

चित्र डोक्यापासून गुडघ्यापर्यंत आहे, खऱ्या मापाचे. चेहरा झाला, सदरा झाला, मागची भिंत झाली. हात राहिले आहेत. मांडीवर नुसती खडूची रेघ आहे. भांग संपला म्हणून राहिले, पुढच्या भांगात होतील.

तुला पाहायला यावेसे वाटले तर ये. न वाटले तरी एक ओळ लिही.

तुझा,
कॉन्रॅड


वसई, ९ मार्च १९५३

प्रिय बळीराम,

तुझे कार्ड मिळाले. "हात झाले का?" एवढेच लिहिलेस. दोन वर्षांनी आलेले तीन शब्द. पण बरोबर जागी आलेले.

नाही, झाले नाहीत. मागच्या पत्रात भांग संपला असे कारण लिहिले होते. ते लिहिताना मला खरेच वाटत होते, नंतर वाचून पाहिले असते तर वाटले नसते. खरे असे की त्या भांगात प्लासिड आला होता. धुतलेला सदरा घालून आला. त्याच सकाळी मुंबईच्या एका चित्रकाराची चित्रे लावायची होती आणि तो माझ्या मागे मागे फिरून प्रत्येक खिळा तपासत होता. मी प्लासिडला म्हटले, उद्या ये. उद्या पाहुणे यायचे होते, मी म्हटले, पुढच्या भांगात ये. पुढच्या भांगात हॉलंडहून आलेले एक जोडपे दालन पाहायला आले, त्यांना चहा देत असताना तो दारातून आत डोकावला. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली. नुसती मान. तो निघून गेला.

काल पुन्हा तसेच झाले, पण काल त्याची बायको कॅथरीन पाटी घेऊन बाजारातून परत चालली होती. ती सरळ आत आली. मासळीच्या पाटीसकट. आत तीन बायका आणि एक डॉक्टर चित्रे पाहत होते, त्यांनी रुमाल काढले.

"मास्तर," ती म्हणाली, "आमच्या मानसाला मी सदरा धुऊन, केस विंचरून धाडते. आनि तुमी त्याला दारावरनं परत लावता? तो काय तुमच्याकडं उसनं मागाया येतो?"

मी म्हटले, "कॅथरीनबाय, दालनाचं काम आलं..."

"काम? ह्यांच्याशी बोलता त्याला काम म्हनायचं?" तिने त्या तीन बायकांकडे पाहिले, आणि मग चित्राकडे. ते मागच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. पाटी खाली न ठेवता ती त्याच्यासमोर उभी राहिली. "तोंड बराबर हाय. हात नाय काढलं?"

"राहिलेत."

"र्‍हाऊ द्या. घरात बी त्याचे हात कदी दिसत नाय."

बाहेर रस्त्यावर प्लासिड उभा होता. तो एवढा हसला की डॉक्टरही हसले. मला हसू आले नाही. मी चित्र काढणारा माणूस आहे असे गावात म्हणतात. काल सहाजण दालनात होते, त्यांतला मी सोडून एकही माणूस चित्राच्या कामात आड आला नव्हता.

ईस्टरनंतरच्या पहिल्या भांगात दालन बंद ठेवीन. हे तुला लिहून ठेवतो म्हणजे मोडणार नाही.

तुझा,
कॉन्रॅड


वसई, २ मे १९५३

प्रिय बळीराम,

प्लासिड गेला.

गेल्या मंगळवारी उधाण होते. दुपारनंतर दक्षिणेकडून एकाएकी वारा सुटला. बंदरावरच्या बाकीच्या होड्या कशाबशा आत आल्या, प्लासिडची उलटली. होडीत चौघे होते. मागून येणाऱ्या होडीने तिघांना वर घेतले, त्यांत त्याचा धाकटा भाऊ इग्नेशियस होता. प्लासिड सापडला नाही. दोन दिवस अर्नाळ्यापर्यंत शोधले. डोल जाळ्याचा एक दोर आणि वल्हे मिळाले. वल्हे दुसऱ्या कोणाच्या होडीचे निघाले.

दालन बंद ठेवायचे वचन मी पाळले नव्हते. ईस्टरनंतरच्या भांगात पुन्हा कोणाची तरी चित्रे आली. एक भिंत रिकामी राहिली म्हणून मी प्लासिडचे चित्र अपुरेच तिथे टांगले. भिंत रिकामी दिसू नये हे कारण. त्याला परत पाठवले नसते तर तो बुडाला नसता असे मी म्हणत नाही. असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार मोठे समजणे. वारा माझ्या दालनाला विचारून सुटत नाही. पण हात राहिले ते माझ्यामुळे, एवढे माझे आहे.

बातमी कळल्यावर मी दालनात गेलो. चित्रासमोर उभा राहिलो. माझ्या मनात पहिला विचार कोणता आला ते तुलाच सांगू शकतो. पहिला विचार आला, आता हात कोणाचे पाहून काढायचे?

दुसऱ्या दिवसापासून माणसे येऊ लागली. भुईगावहून, गासहून, ज्यांनी दालनात कधी पाऊल ठेवले नव्हते तीसुद्धा. त्याचा एकही फोटो कुठे नाही. त्यांनी चित्राखाली मेणबत्त्या लावल्या, फुले ठेवली, गुडघे टेकून प्रार्थना म्हटली. आठ वर्षांत दालनात एवढी माणसे आली नव्हती. सगळे चित्राकडे पाहत होते.

मग कॅथरीनचा निरोप घेऊन इग्नेशियस आला. दारातच उभा राहिला, आत येईना. चित्राकडे पाठ करून म्हणाला, "वहिनी बोलते, भिंतीवरनं उतरवा. होड्या अजून पान्यात हायत."

बंदरावरच्या कोळ्यांत अशी रीत आहे. समुद्रात गेलेला सापडला नाही तर हंगाम संपून होड्या किनाऱ्यावर वर ओढेपर्यंत त्याला मेला म्हणत नाहीत. मेणबत्ती लावत नाहीत, बायको बांगड्या काढत नाही, कोणी रडले तर त्याला गप्प करतात. आणि मी त्याला भिंतीवर टांगून बसलो होतो.

उतरवले. मेणबत्त्या विझवून इग्नेशियसपुढे धरल्या. त्याने घेतल्या नाहीत.

कॉन्रॅड


वसई, २२ मे १९५३

प्रिय बळीराम,

तू येऊन गेलास त्याला आठवडा झाला. स्टेशनवर जे बोलायचे राहिले ते लिहितो, आणि नंतर जे घडले तेही लिहायला हवे.

आतल्या खोलीत मी चित्रावरचे फडके काढले तेव्हा तू किती वेळ पाहत राहिलास! मला वाटले, आता हा पुन्हा दारात जाऊन उभा राहील आणि काहीतरी बोलेल. तू म्हणालास, "हात काढू नकोस. ते नाहीत म्हणूनच हे चित्र आहे." नंतर प्रदर्शनाचे सांगितलेस. निवड मंडळावर तू आहेस, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबई, तिथून दिल्ली. कॉन्रॅड, हे जाणारच, म्हणालास. मी घरी जाताना सायकलवरून उतरलो आणि भुईगावपर्यंत चालत गेलो. लहान मुलासारखा आनंद झाला होता. त्या आनंदाची लाज वाटली, पण लाजेने तो कमी झाला नाही.

परवा कॅथरीन आली. पाटी नव्हती. पायरीवर बसली, मी आत बोलावले तरी उठली नाही.

"होड्या वर घेतील आता आठ-दहा दिसांत," ती म्हणाली. "मंग आमाला पेटी पुरायची. सासू बोलते, रिकामी पुरू नको. रिकामी पेटी घरातला दुसरा मानूस बोलावते."

मी म्हटले, "कपडे ठेवतात ना पेटीत?"

"ठेवतात. त्याचे दोन सदरे हायत, एक कोट हाय. ते पुरले तर इग्नेशियस काय घालील? पोरगा उद्या मोठा होईल, तो काय घालील?" मग सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमचं चित्र कोनी घालत नाय."

मला आधी कळलेच नाही. तिला पेटीत चित्र ठेवायचे आहे हे कळले तेव्हा मी प्रदर्शनाचे सांगू लागलो. मुंबई, दिल्ली, मोठमोठी माणसे येतील, प्लासिडला पाहतील. ती ऐकून घेत होती. माझ्याच तोंडून ते शब्द मी ऐकले, आणि दालनात मी चित्रकारांना ऐकवतो तेच ते शब्द होते.

"दिल्लीवाल्यांचा तो कोन?" ती म्हणाली. "शीड आमचं. मानूस आमचा. तुमचा निस्ता रंग."

"कॅथरीनबाय, मी तुम्हाला दुसरं काढून देतो. अगदी असंच."

"दुसरं तुमाला ठेवा. तो ह्याच्यासमोर बसला व्हता."

उठताना म्हणाली, "आनि हात काढा. बिनहाताचा मानूस कसा पुरू? रोझरीची माळ कुटं बांधू?"

मी विचार करतो म्हटले.

"करा," ती म्हणाली. "तुमाला सवय हाय."

फादरना जाऊन भेटलो. नाही म्हणायला त्यांचा आधार मिळेल अशी आशा होती, हे कबूल करतो. ते म्हणाले, दफनाचा विधी देहासाठी आहे, चित्रासाठी नाही. मी सुटल्यासारखा उठलो. तेव्हा म्हणाले, "पण कॉन्रॅड, या बंदरावरच्या पेट्या मी उघडून बघत नाही."

बळीराम, चित्राचा मालक कोण, हा प्रश्न मी दालन चालवताना कितीतरी वेळा सोडवला आहे. काढणारा, कोणी विकत घेईपर्यंत. साधे उत्तर आहे, त्यावर दोन भांडणे मिटवलीत. या वेळी ते पुरत नाही. तू काय करशील ते लिही. लवकर लिही.

तुझा,
कॉन्रॅड


वसई, ४ जून १९५३

प्रिय बळीराम,

तुझे पत्र वेळेवर मिळाले. "प्रत कर आणि प्रत पुर. तिला काय कळणार आहे? मूळ चित्र मुंबईला पाठव." तू हे निर्दयपणे लिहिलेले नाहीस, जाणतो. ते चित्र जगलेले तुला हवे आहे. मलाही हवे होते. म्हणून मी प्रत केली.

दालनाला कुलूप घातले आणि आतल्या खोलीत बसलो. गिरगावच्या एका निसर्गचित्रकाराचे प्रदर्शन मांडायचे होते. तो येऊन कुलूप पाहून गेला, दुसऱ्या दिवशी हमाल घेऊन आला आणि आपली चित्रे घेऊन गेला. जाताना म्हणाला, सगळ्यांना सांगेन. सांगू दे. आठ वर्षांत पहिल्यांदा मी सलग बसलो, उजेड येईपासून जाईपर्यंत. आठ वर्षे जे मागत होतो ते मिळाले, आणि त्यात मी काय करत होतो, तर एका मेलेल्या माणसाच्या बायकोला फसवायचे काम.

प्रत चांगली झाली. हीच अडचण. वाईट झाली असती तर प्रश्नच मिटला असता. भुवई, नाकाचा तो बाक, सदऱ्याच्या गळ्याजवळचा मळका पांढरा, सगळे जागच्या जागी. दोन्ही शेजारी ठेवली तर तुलाही क्षणभर थांबावे लागले असते. मी त्यासमोर बसून कॅथरीनला काय सांगायचे ते म्हणून पाहिले. मोठ्याने म्हणून पाहिले: "घ्या, हेच ते." तीन शब्द. माझा आवाज अगदी नेहमीचा होता. पुण्याच्या बाईंना केळ्यांच्या वासाबद्दल हो म्हणालो होतो तसाच. त्या आवाजाने मी घाबरलो. सुरी घेतली आणि प्रत खालपर्यंत खरवडून काढली.

मग कॅथरीनला जाऊन हो म्हटले आणि हातांकडे वळलो. होड्या सोमवारी वर आल्या. दफन परवा, शनिवारी आहे.

हात इग्नेशियसचे घ्यायचे ठरवले, दोघा भावांची बोटे सारखी. निरोप पाठवला, तो आला आणि दारातूनच मागे फिरला.

"माजे नको मास्तर. दुसऱ्या कोनाचे बी घ्या."

मी विचारले का.

"ह्याच हातांत होता तो. होडी उलटली तवा मी त्याला मनगटाला धरलंवता. लई वेळ धरलंवता. मंग बोटं आपसूक उघडली. मी नाय उघडली, मास्तर. आपसूक."

तो गेला. तासाभराने कॅथरीन त्याला दंडाला धरून घेऊन आली. तिने आता काळे नेसले आहे, हात मोकळे आहेत. मुलाला शाळेत बसवावे तसे तिने त्याला खुर्चीत बसवले.

"वहिनी, मना नाय जमनार."

"ह्या हातांनी भाकर खातोस ना रोज? मंग बस."

तिने कमरेची पिशवी सोडून रोझरी काढली, त्याचे दोन्ही हात छातीखाली जोडले आणि बोटांतून ती गुंडाळली, मेलेल्याला बांधतात तशी. एकदा बांधली, मनासारखी झाली नाही, सोडून पुन्हा बांधली. इग्नेशियसने डोळे मिटून घेतले. मला म्हणाली, "काढा."

मांडीवरची खडूची रेघ पुसून टाकली. तिथे आता जोडलेले हात आले. दोन दिवस लागले. एकदाच त्याने विचारले, "त्याचे अंगठे मोटे होते, तुमाला म्हाईत हाय?" मी म्हटले, ठाऊक नाही. "मोटे काढा," तो म्हणाला. मी मोठे काढले.

चित्र झाले आहे. वर जिवंत माणूस आहे, आत्ता काहीतरी बोलेल असा. खाली मेलेल्याचे हात आहेत. तू म्हणशील चित्र मोडले, दोन तुकडे झाले. कदाचित झालेही. पण बळीराम, मी ते हात पुन्हा पुन्हा पाहिले, दालनात दुसऱ्याची चित्रे पाहतो त्या नजरेने पाहिले. चेहऱ्यापेक्षा ते चांगले आहेत. मी आजवर काढलेल्या कशाहीपेक्षा चांगले आहेत. हे तुला पाहता येणार नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल, आणि माझा शब्द कसा असतो ते या पत्रांतून तुला दिसलेच आहे.

एक गोष्ट मला सोडत नाही. कॅथरीनला मी हो म्हणालो तेव्हा तिने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले. तिला वाटले असेल, मास्तरांनी मोठे मन केले. मला तेवढी खात्री नाही. मुंबईच्या भिंतीवर ते चित्र गेले असते तर लोकांनी त्याच्यापुढून दोन पावलांत पुढे जाणेही शक्य होते. दिल्लीला कोणी त्याला बरे म्हणून सोडून दिले असते. पुरलेल्या चित्राला कोणी बरे म्हणणार नाही. ते कायम माझे सर्वांत चांगले चित्र राहील. मी ते तिला देतो आहे की लपवतो आहे? प्रामाणिकपणे उत्तर द्यायला बसलो की दोन्ही खरी वाटतात. शेवटी असे ठरवले की देताना देणाऱ्याचे मन स्वच्छ असलेच पाहिजे असे नाही. तिला पेटीत माणूस हवा आहे. तो तिला मिळेल.

फोटो काढून ठेव, असे तू नक्की म्हणशील. वसईचा फोटोग्राफर लग्नांत गुंतला आहे असे मी इथे लिहिणार होतो. गुंतला आहे, पण मी त्याला विचारलेलेही नाही.

तुझ्या यादीत माझे नाव असेल ते खोड. मंडळाला कारण काय सांगायचे ते तू ठरव. तुला राग येईल, आणि या वेळी तो दोन वर्षांत जाईल असे वाटत नाही. तरी मी लिहीत राहीन. दालन उघडायचे की नाही हे अजून ठरवलेले नाही.

रंग ओला आहे. हातांवरचा तर महिनाभर वाळणार नाही. कॅथरीनला ते सांगितले, तर म्हणाली, माती बी ओलीच असती. ओले चित्र गुंडाळता येत नाही, दुमडता येत नाही, सपाटच ठेवावे लागेल. चौकटीचे खिळे काढून शीड मोकळे केले आहे. पेटी गासच्या व्हिक्टर सुताराकडे होते आहे आणि ती प्लासिडच्या खांद्यांच्या मापाने सांगितलेली आहे, चित्राच्या नव्हे. आत मावले नाही तर चित्रातली कडेची भिंत कापावी लागेल, आणि ती कापताना डावा खांदा थोडा जाईल. तेवढे मी स्वतः कापीन.

कॉन्रॅड

उद्या: गासला जाऊन व्हिक्टरकडून पेटीचे आतले माप घेणे.